रोल्स-रॉइस : एका नावाची गोष्ट

मोटारगाड्यांची नावे तुम्हांला पाठ असतील. रस्त्याने जाणारी गाडी दुरून पाहताच ती कोणत्या कंपनीची आहे हे सांगणारी दोन-तीन मुले तरी प्रत्येक वर्गात असतात. पण एक गाडी अशी आहे, की ती बहुतेकांनी कधी जवळून पाहिलेलीही नसते. तरी तिचे नाव मात्र सर्वांना ठाऊक असते. ती गाडी म्हणजे रोल्स-रॉइस. एखाद्या वस्तूची फार स्तुती करायची असली, की दुकानदार म्हणतो, "घेऊन जा साहेब, शिलाई मशिनांमधली ही रोल्स-रॉइस आहे!" त्या बिचाऱ्याने रोल्स-रॉइस पाहिलेली नसते, आणि साहेबांनीही नसते. तरी दोघांना अर्थ बरोबर कळतो.

बाजारात मालाला किंमत असते, तशी नावालाही असते. मराठीत तिला 'पत' म्हणतात. उर्दूत तुम्ही तिला 'साख' म्हणता. रोल्स-रॉइसची ही पत कशी तयार झाली, आणि पुढे एके दिवशी त्या नावाची खरोखरच पौंडांत किंमत कशी ठरली, ते या पाठात पाहू.

ही गोष्ट सुरू होते एका गरीब मुलापासून. इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराजवळ ऑलवॉल्टन नावाचे खेडे आहे. तेथे २७ मार्च १८६३ रोजी हेन्री रॉइसचा जन्म झाला. त्याचे वडील पिठाची गिरणी चालवत. गिरणी बुडाली आणि कुटुंब पोट भरण्यासाठी लंडनला आले. हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. मग शाळा कसली? मुलगा वर्तमानपत्रे विकू लागला. थोडा मोठा झाल्यावर तो घरोघरी तारा पोहोचवू लागला. त्याचे सारे शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे होते.

चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याचे नशीब थोडे उघडले. एका मावशीने पैसे भरले आणि त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. उमेदवारी म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणे. लोखंड कसे कापावे, कानस कशी चालवावी, दोन भाग एकमेकांत घट्ट कसे बसवावेत, हे सारे हेन्री तेथे शिकला. पण तीन वर्षांनी मावशीजवळचे पैसे संपले. उमेदवारी अर्धवट राहिली. पूर्ण केल्याचा दाखला हातात नाही आणि खिशात पैसा नाही, अशा स्थितीत तो नोकरी शोधत फिरू लागला.

त्या काळी विजेचे दिवे ही नवी गोष्ट होती. रॉइसने विजेच्या एका कंपनीत नोकरी धरली आणि रात्रीच्या वेळी वर्गांना जाऊन त्या विषयाचा अभ्यास केला. १८८४ साली, एकवीस वर्षांचा असताना, त्याने अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राबरोबर मँचेस्टर शहरात कुक स्ट्रीटवर छोटासा कारखाना काढला. रॉइसजवळ वीस पौंड होते, क्लेअरमाँटजवळ पन्नास. एवढेच भांडवल! प्रथम ते दारावरच्या विजेच्या घंटा बनवत. पुढे वीज निर्माण करणारे डायनॅमो आणि विजेवर चालणाऱ्या याऱ्या, म्हणजे जड ओझी उचलणारी यंत्रे, बनवू लागले. माल उत्तम असे, म्हणून गिऱ्हाईक वाढले. रॉइस मात्र पूर्वीसारखाच राहिला. काम सुरू झाले, की त्याला जेवणाचीही शुद्ध नसे. कारखान्यातला एक मुलगा दुधाचा पेला घेऊन त्याच्यामागे फिरत असे, असे सांगतात.

पैसा हाती आल्यावर रॉइसने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचे नाव डेकोव्हील. त्या काळाच्या मानाने ती गाडी वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण ती अगदी भंगार होती आणि म्हणून रॉइस चिडला, अशी एक गोष्ट रंगवून सांगितली जाते. रॉइसची अडचण निराळी होती. गाडी आवाज करी, हादरे देई, मधूनच गरम होई. आणि हे असेच चालायचे, असे सारे जग म्हणत असे. रॉइसला ते पटत नव्हते. त्याने गाडीचा एकेक भाग सुटा केला, तपासला, आणि ठरवले, की आपण यापेक्षा चांगली गाडी करू. त्याचे भागीदार नाखूश होते. यारीचा चांगला चाललेला धंदा सोडून हे काय मध्येच?

१ एप्रिल १९०४ रोजी रॉइसची पहिली मोटार कारखान्यातून बाहेर पडली. इंजिन दहा अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे. त्या दिवशी कामगारांनी हातोडे आपटून मोठा गजर केला, असे सांगतात. रॉइस ती गाडी चालवत सुमारे पंधरा मैलांवरच्या आपल्या घरी गेला. वाटेत ती कोठे बंद पडली नाही. त्या काळी एवढीही गोष्ट सांगण्यासारखी होती.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. चार्ल्स स्टुअर्ट रोल्स याचा जन्म १८७७ साली लंडनच्या श्रीमंत वस्तीत झाला. वडील मोठे जमीनदार. पुढे त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. चार्ल्स ईटनच्या प्रसिद्ध शाळेत आणि नंतर केंब्रिज विद्यापीठात शिकला. यंत्रशास्त्र हा त्याचा विषय होता. विद्यार्थी असतानाच, १८९६ साली, त्याने स्वतःची मोटार घेतली. त्याला वेगाचे वेड होते. तो मोटारींच्या शर्यतींत भाग घेई, फुग्यात बसून आकाशात उडे. पुढे त्याने लंडनमध्ये मोटारी विकण्याचे दुकान काढले. पण दुकानातल्या चांगल्या गाड्या सगळ्या परदेशी होत्या. आपल्या देशात तयार झालेली, मान ताठ ठेवून विकता येईल अशी एकही गाडी मिळत नाही, ही गोष्ट त्याला बोचत होती.

दोघांना ओळखणाऱ्या हेन्री एडमंड्स या गृहस्थाने त्यांची गाठ घालून दिली. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघे भेटले. रोल्स सत्तावीस वर्षांचाही झाला नव्हता; रॉइस एकेचाळीस वर्षांचा होता. एक लॉर्डचा मुलगा, दुसरा पूर्वीचा पेपरवाला पोरगा. रोल्सला दोन सिलिंडरांची गाडी मुळीच आवडत नसे, कारण अशा गाड्या फार थरथरत. पण रॉइसच्या गाडीत बसल्यावर त्याचे मत बदलले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला करार झाला. रॉइसने बनवलेल्या सगळ्या मोटारी रोल्सने विकायच्या, आणि त्यांचे नाव ठेवायचे 'रोल्स-रॉइस'.

गाडी बनवली रॉइसने. मग नाव आधी रोल्सचे का? विकणारा तो होता, घराण्याने मोठा तो होता आणि गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचे होते. जगाची रीत अशीच आहे. रॉइसने त्याबद्दल कधी भांडण केलेले दिसत नाही.

१९०६ साली रोल्स-रॉइस लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी रॉइसने सहा सिलिंडरांचे नवे इंजिन असलेली गाडी पुढे आणली. तिच्यात काय विशेष होते, ते जरा सावकाश पाहू. कारण या नावाचा पाया येथेच घातला गेला.

इंजिनात जितके सिलिंडर जास्त, तितका त्यांना जोडणारा दांडा लांब. या दांड्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. लांब दांडा फिरताना किंचित पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. ओले कापड पिळून सोडले, की ते कसे उलगडते, तसेच. हे मिनिटाला शेकडो वेळा घडले, की सारी गाडी थरथरते आणि कधी दांडाच तुटतो. सहा सिलिंडरांच्या गाड्या तेव्हा यामुळेच बदनाम होत्या. रॉइसच्या स्वतःच्या आधीच्या एका गाडीतही हा त्रास झाला होता. त्याने नवा दांडा जाड केला, त्याला सात ठिकाणी भक्कम आधार दिला आणि त्या आधारांपर्यंत तेल दाबाने पोहोचेल अशी व्यवस्था केली. सहा सिलिंडर एका ओळीत ओतण्याऐवजी तीन-तीनचे दोन गट केले.

तीच काळजी त्याने बाकीच्या भागांत घेतली. गाडीचा सांगाडा जोडायला इतर कारखान्यांत तापवलेले रिव्हेट ठोकत. रिव्हेट थंड होताना आकसतो आणि भोकात थोडी जागा मोकळी राहते. पुढे तेथेच खडखड सुरू होते. रॉइस निमुळते बोल्ट वापरी. प्रत्येक भोक त्या बोल्टच्या मापाने घासून घ्यायचे आणि मग बोल्ट आवळायचा. काम वेळखाऊ, खर्चिक. पण सांधा पक्का. तुमच्या ओळखीच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला हे सांगून पाहा. तो मान डोलवील. हातोड्याने चालणारे काम कानशीने करणारा माणूस कोणत्या जातीचा कारागीर असतो, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या गाड्यांपैकी एक गाडी चंदेरी रंगाने रंगवली होती. तिची पितळी-पोलादी सामग्रीही चांदीचा मुलामा देऊन चकचकीत केली होती. ती इतकी शांत चाले, की तिला 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे 'चंदेरी भूत', असे नाव दिले. भूत कसे पावलांचा आवाज न करता येते, तशी ही गाडी! कंपनीचा व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन हा हुशार माणूस होता. लोक त्याला रोल्स आणि रॉइस या दोन नावांमधली जोडरेघ म्हणत. गाडी चांगली आहे, असे आपणच सांगून काय उपयोग? ते लोकांना दिसले पाहिजे, असे त्याचे मत होते.

म्हणून १९०७ साली या गाडीची एक मोठी कसोटी झाली. मोटारींच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लब या संस्थेचे निरीक्षक गाडीवर देखरेख ठेवत होते. लंडन आणि ग्लासगो या शहरांमध्ये गाडी रात्रंदिवस फिरत राहिली; रविवारी तेवढी विश्रांती. सुरुवातीला ६२९ मैलांवर ती एकदा थांबली. काय बिघडले होते? काहीच नाही! धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती. तोटी उघडली आणि गाडी पुढे निघाली. त्यानंतर ती १४,३७१ मैल, म्हणजे २३ हजारांहून अधिक किलोमीटर, कोठेही बिघाडामुळे न थांबता चालली. त्या काळी शंभर-दोनशे मैलांत गाडीला काही ना काही दुरुस्ती लागत असे. मग निरीक्षकांनी सारी गाडी सुटी केली, प्रत्येक भाग मापून पाहिला आणि झिजलेले भाग नव्यासारखे करायला किती खर्च येईल ते काढले. तो आला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स! 'जगातील सर्वोत्तम मोटार' असा गौरव त्याच सुमारास एका इंग्रजी मोटार-नियतकालिकाने केला. कंपनीने ते शब्द उचलले आणि पुढे कधी खाली ठेवले नाहीत.

पण ही मोटार घेणार कोण? गाडीचा नुसता सांगाडा आणि इंजिन यांची किंमत ९८५ पौंड होती. वरची बैठक, दारे, छप्पर हे सारे निराळे. ते बार्कर, हूपर अशा बग्ग्या बनवणाऱ्या जुन्या कारागिरांकडून आपल्या आवडीप्रमाणे करून घ्यावे लागे. त्या काळी इंग्लंडमधल्या कुशल कामगाराला आठवड्याला सुमारे दोन पौंड मिळत. म्हणजे नुसत्या सांगाड्यासाठी त्याची नऊ-दहा वर्षांची मजुरी लागली असती. रॉइसच्या कारखान्यात ती गाडी घडवणारे हात ती कधीच विकत घेऊ शकत नव्हते.

येथे दुसऱ्या एका हेन्रीची आठवण होते. अमेरिकेतला हेन्री फोर्ड. त्याचा जन्मही १८६३ सालीच झाला. तोही हाताने काम करणारा मिस्त्री. १९०८ साली त्याने मॉडेल टी ही गाडी काढली आणि तिची किंमत वर्षावर्षाला उतरवत नेली. १९२७ पर्यंत तशा दीड कोटी गाड्या निघाल्या. सिल्व्हर घोस्ट वीस वर्षांत आठ हजारही निघाल्या नाहीत. फोर्डने शेतकऱ्याला गाडीत बसवले. रॉइसने गाडी किती चांगली होऊ शकते ते दाखवले. जगाला जास्त उपयोग कोणाचा झाला, असे विचाराल तर उत्तर फोर्ड हेच द्यावे लागेल. मात्र पुढे साध्या गाड्याही शांत आणि भरवशाच्या झाल्या, त्यांच्यापुढे एक माप ठेवण्याचे काम रॉइससारख्यांनी केले, हेही विसरता येत नाही.

१९०८ साली कारखाना डर्बी शहरात गेला. रोल्सचे मन मात्र आता मोटारींत रमत नव्हते. त्याला विमानाने झपाटले होते. २ जून १९१० रोजी तो इंग्लंडहून विमानाने निघाला, समुद्राची खाडी ओलांडून फ्रान्सवर गेला आणि कोठेही न उतरता परत आला. असे करणारा तो पहिला माणूस. पुढे जेमतेम सहा आठवडेच गेले. १२ जुलैला बोर्नमथ येथे हवाई कसरतीच्या वेळी त्याच्या विमानाचे शेपूट मोडले आणि विमान कोसळले. रोल्सचे वय अवघे बत्तीस होते. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मृत्यू पावलेला तो पहिला ब्रिटिश नागरिक.

दुसऱ्याच वर्षी रॉइस फार आजारी पडला. वर्षानुवर्षे उपासमार आणि जागरणे करून त्याने शरीराची दैना केली होती. जॉन्सनने त्याला जवळजवळ ओढूनच कारखान्यापासून दूर नेले. तेव्हापासून रॉइस हिवाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर आणि उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेला राही. कारखान्यातून नकाशे त्याच्याकडे येत. तो प्रत्येक स्क्रू तपासून दुरुस्त्या सुचवी आणि नकाशे परत पाठवी. बावीस वर्षे त्याने असेच काम केले. १९३० साली त्याला सरदारकी मिळाली. तरीही तो स्वतःला 'मेकॅनिक' म्हणजे मिस्त्रीच म्हणवी. २२ एप्रिल १९३३ रोजी ससेक्समधल्या वेस्ट विटरिंग या गावी तो वारला.

रोल्स-रॉइसच्या पुढच्या टोकावर पंखांसारखी वस्त्रे मागे उडत असलेल्या स्त्रीची छोटी मूर्ती असते. १९११ साली चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने ती घडवली. श्रीमंत गिऱ्हाईक आपापल्या गाडीवर वाटेल ती खेळणी बसवू लागले होते, ते थांबावे हा हेतू. या मूर्तीसाठी एलिनॉर थॉर्नटन या स्त्रीचा चेहरामोहरा डोळ्यांपुढे होता, असे मानतात. लॉर्ड माँटेग्यू यांच्या कचेरीत ती सचिव होती. डिसेंबर १९१५ मध्ये ती त्यांच्याबरोबर 'पर्शिया' या जहाजातून हिंदुस्थानाकडे निघाली. महायुद्ध चालू होते. ३० डिसेंबरला क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. माँटेग्यू वाचले, एलिनॉर बुडाली.

रोल्स-रॉइस गाड्या मात्र हिंदुस्थानात त्याआधीच पोहोचल्या होत्या. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक कसोटी झाली. सह्याद्रीचे घाट, खडीचे रस्ते, धूळ! गाड्यांचा खरा कस येथे लागला. 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे 'पूर्वेचे मोती', असे नाव दिलेली एक सिल्व्हर घोस्ट त्यात यशस्वी ठरली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. मग काय विचारता! एका संस्थानिकाकडे गाडी आली, की शेजारच्याला दोन हव्या असत. कोणी शिकारीसाठी घेई, कोणी मिरवणुकीसाठी.

हैदराबादच्या निजामांची गाडी तर खास होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली. पण १९११ साली त्यांचे निधन झाले. गाडी आली ती मीर उस्मान अली खान यांच्या काळात. रंग पिवळा, छप्पर घुमटासारखे उंच आणि आत तख्तासारखे आसन. केवळ शाही प्रसंगी ती बाहेर निघे. त्यामुळे वय शंभरावर गेले, तरी तिची चाके थोडेच मैल फिरली आहेत. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती आज पाहायला मिळते. निजाम स्वतः मात्र रोजच्या राहणीत फार साधे आणि काटकसरी म्हणून प्रसिद्ध होते.

याच काळातली एक गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. एक महाराजा साध्या कपड्यांत लंडनच्या दुकानात गेला, तेथील नोकराने त्याला हिणवले, म्हणून त्याने सगळ्या गाड्या विकत घेऊन आपल्या शहरात कचरा उचलायला लावल्या. ऐकायला मजा येते. पण कोणी हा महाराजा अलवरचा सांगतो, कोणी भरतपूरचा, कोणी आणखी कोठला. एकच गोष्ट इतक्या राजांच्या नावावर खपत असेल, तर ती जपूनच ऐकावी. मोठ्या नावाभोवती अशा कहाण्या गोळा होतातच. गाडीवरच्या लाल रंगातल्या दोन 'आर' अक्षरांचा रंग पुढे काळा झाला, तो रॉइसच्या मृत्यूच्या शोकामुळे, असेही सांगतात. वास्तविक तो निर्णय त्याच्या हयातीतच झाला होता. लाल रंग गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या रंगांशी विसंगत दिसे, इतकेच.

नावाचा रुबाब कंपनीलाही आवडत असे. पुष्कळ वर्षे ती आपल्या इंजिनाची शक्ती किती, ते सांगतच नसे. कोणी विचारले तर उत्तर मिळे, 'पुरेशी!' १९५८ साली अमेरिकेत एक जाहिरात निघाली. ताशी साठ मैल वेगाने जाताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा येतो, असे तिच्यात म्हटले होते. ते वाचून कारखान्यातला एक इंजिनिअर म्हणाला, म्हणे, की आता त्या घड्याळाचे काहीतरी केले पाहिजे.

येथपर्यंत आपण मोटारींविषयीच बोललो. पण पहिल्या महायुद्धापासून ही कंपनी विमानांची इंजिनेही बनवू लागली होती. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक महासागर प्रथम ओलांडला, त्या विमानाला रोल्स-रॉइसची दोन 'ईगल' इंजिने होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे आकाश राखणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत 'मर्लिन' इंजिन होते. हळूहळू कंपनीचा मोठा धंदा विमान-इंजिनांचाच झाला, आणि मोटारी ही तिची छोटी शाखा होऊन बसली.

या मोठ्या धंद्यानेच पुढे घात केला. १९६८ साली कंपनीने एका अमेरिकन प्रवासी विमानासाठी नवे इंजिन देण्याचा करार केला. त्याच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांपासून केली होती. वजनाला हलकी, दिसायला उत्तम. पण उडत्या विमानावर पक्षी आदळला तर काय होईल, हे पाहण्यासाठी त्यांच्यावर मेलेली कोंबडी वेगाने मारली, तेव्हा पाती फुटली. मग टायटॅनियम धातूची पाती करावी लागली. खर्च वाढत गेला, ठरलेली किंमत मात्र वाढेना. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीचे दिवाळे निघाले. 'जगातील सर्वोत्तम' म्हणवणारी कंपनी बुडाली, ही बातमी ऐकून इंग्लंडातील लोकांना धक्का बसला. सरकारने विमान-इंजिनांचा विभाग आपल्या ताब्यात घेऊन वाचवला. पुढे तेच इंजिन खूप यशस्वी झाले. मोटारींचा विभाग वेगळा काढला गेला आणि १९८० साली तो व्हिकर्स या कंपनीकडे गेला.

आता नावाच्या किमतीकडे येऊ. १९९८ साली व्हिकर्सने मोटारींचा धंदा विकायला काढला. जर्मनीच्या दोन कंपन्या पुढे आल्या, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन. फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड देऊन सौदा जिंकला. क्रू शहरातला कारखाना मिळाला, कारागीर मिळाले, बेंटली हे दुसरे प्रसिद्ध नाव मिळाले. पंखवाली मूर्ती आणि गाडीची देवळासारखी पुढची जाळी यांचे हक्कही मिळाले. एकच गोष्ट मिळाली नाही. 'रोल्स-रॉइस' हे नाव!

ते कसे? १९७१ नंतर वाटणी झाली, तेव्हा नावाची मालकी विमान-इंजिनांच्या कंपनीकडे राहिली होती. मोटारवाल्यांना ते वापरण्याची केवळ परवानगी होती. आता विमान-इंजिनांच्या कंपनीने ही परवानगी बीएमडब्ल्यूला दिली, आणि त्याबद्दल चार कोटी पौंड घेतले. एकाकडे कारखाना, मूर्ती आणि जाळी. दुसऱ्याकडे नुसती अक्षरे. शेवटी तडजोड झाली. २००२ सालाच्या अखेरपर्यंत फोक्सवॅगनने जुन्या कारखान्यात रोल्स-रॉइस गाड्या बनवाव्यात. नंतर नाव, मूर्ती, जाळी हे सारे बीएमडब्ल्यूकडे जावे. क्रूचा कारखाना, जेथे १९४६ पासून या गाड्या तयार होत होत्या, त्यानंतर फक्त बेंटली बनवू लागला. कित्येक वर्षे रोल्स-रॉइस घडवलेले कारागीर त्याच जागी, त्याच हत्यारांनी काम करत राहिले. पण त्यांच्या हातच्या गाडीला आता ते नाव लावता येत नव्हते.

बीएमडब्ल्यूने ससेक्समध्ये गुडवुड येथे नवा कारखाना उभारला आणि १ जानेवारी २००३ रोजी तेथून 'फँटम' ही पहिली गाडी ग्राहकाला दिली. ती पाहून नाराज झालेले जुने शौकीन पुष्कळ होते. मालक जर्मन, इंजिन जर्मन. मग हिला रोल्स-रॉइस कशी म्हणायची? त्यांची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. पण नव्या कारखान्यातही लाकूड, चामडे आणि रंग यांची कामे मोठ्या प्रमाणात हातांनीच होतात, आणि गाडीच्या कडेची बारीक रेघ आजही कारागीर कुंचल्याने काढतो. रॉइसने जेथे शेवटचा श्वास घेतला, ते वेस्ट विटरिंग गावही तेथून थोड्याच मैलांवर आहे.

२०२३ साली याच कारखान्यातून 'स्पेक्टर' नावाची नवी गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली. तिला पेट्रोल लागत नाही. ती विजेवर चालते. चार्ल्स रोल्सने १९०० सालीच विजेच्या मोटारीची तारीफ केली होती. ती आवाज करत नाही, धूर सोडत नाही. जागोजागी वीज भरण्याची सोय झाली, तर ती फार उपयोगाची होईल, असे त्याचे म्हणणे होते. आणि हेन्री रॉइसचा तर धंदाच मुळी विजेच्या घंटांपासून सुरू झाला होता.